कंपनीचे की आफ्टरमार्केट? इंजिनच्या फिरत्या भागांचा वजनकाट्यावरचा हिशेब

आफ्टरमार्केट, म्हणजे गाडीच्या कंपनीखेरीज इतरांनी बनवलेला, पिस्टन, रॉड (पिस्टन क्रँकला जोडणारा दांडा) किंवा फ्लायव्हील (क्रँकच्या टोकाचे जड चाक) घ्या, खोक्यावर सर्वांत ठळक छापलेला आकडा वजनाचा असतो. मूळ भागापेक्षा इतके ग्रॅम कमी, इतके किलो हलके. आकडा बहुतेक वेळा खरा असतो, पण त्यावरून काहीच ठरत नाही. इंजिनात ग्रॅमची किंमत त्याच्या जागेवरून ठरते. फ्लायव्हीलच्या कडेचा ग्रॅम गाडीचा वेग वाढताना आडवा येतो, पिस्टनमधला ग्रॅम रॉडचे बोल्ट ताणतो, आणि क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) काउंटरवेटमधला ग्रॅम तिथे कामासाठीच ठेवलेला असतो. या तिन्हींची बेरीज करून "किट तीन किलोने हलके" म्हणणारी जाहिरात दिसली की पुढचे वाक्य जरा जपून वाचावे.

हिशेबाला एक इंजिन समोर ठेवू. बोअर (सिलिंडरचा व्यास) ८६ मिमी, स्ट्रोक (पिस्टनचा वर-खाली प्रवास) ८६ मिमी, रॉडची लांबी १३९ मिमी. ही होंडाच्या के२० ची मापे: १९९८ सीसी, ओळीत चार सिलिंडर. ७००० आरपीएमला (मिनिटाला ७००० फेरे) पिस्टन वरच्या टोकाला पोचून उलटा फिरतो तेव्हा त्याचे त्वरण साधारण ३०,२५० मीटर प्रति सेकंद वर्ग असते, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या तीन हजार पटींहून जास्त. त्या क्षणी वर-खाली करणारा प्रत्येक १०० ग्रॅम रॉडला सुमारे ३०८ किलोच्या भाराने ओढतो. ८००० आरपीएमला तेच १०० ग्रॅम ४०० किलोच्या वर जातात, कारण भार वेगाच्या वर्गाने वाढतो. पिस्टन, पिन (पिस्टन आणि रॉड जोडणारी), रिंगा आणि रॉडचे वरचे टोक मिळून ५५० ग्रॅम धरले, तर ७००० ला सुमारे १,७०० किलो आणि ८००० ला सुमारे २,२०० किलो. ७००० चाच भार कायम ठेवून ८००० गाठायचे, तर ५५० चे ४२१ ग्रॅम करावे लागतील. नुसता पिस्टन बदलून १२९ ग्रॅम क्वचितच सुटतात.

ही ओढ सर्वांत वाईट असते ती एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटी. कॉम्प्रेशनच्या वेळी वरून गॅसचा दाब पिस्टनला खाली ढकलतो आणि ओढ काही अंशी खाऊन टाकतो. एक्झॉस्टला वर काहीच नसते, सगळा भार रॉडच्या दोन बोल्टांवर येतो. म्हणूनच रॉडचे बोल्ट टर्बोच्या दाबापेक्षा चुकीच्या गिअरात टाकून आरपीएम उडवल्याने जास्त तुटतात. पिस्टनचे वजन कमी करण्याचा खरा फायदा इथे आहे. गाडी पळण्याशी त्याचा फारसा संबंध नाही, ते पुढे आकड्यांत दिसेलच.

काट्यावर ठेवण्याआधी

तुलना करायची तर काटा बरा हवा. पिस्टन, पिन आणि रॉडसाठी ०.१ ग्रॅम दाखवणारा, किमान २ किलो क्षमतेचा काटा लागतो. क्रँक आणि फ्लायव्हीलला ५ ग्रॅमपर्यंत वाचणारा मोठा काटा पुरतो. काटा समपातळीत ठेवून अर्धा तास चालू ठेवावा, माहीत असलेल्या वजनाने तपासावा, पंखा बंद करावा. प्रत्येक भाग तीनदा ठेवून पाहावा. तीन वाचनांत ०.३ ग्रॅमपेक्षा जास्त फरक येत असेल, तर दोष भागात शोधू नये.

नवे रॉड गंजरोधक तेलात बुडवलेले येतात. हे तेल बोल्टांच्या आट्यांत आणि भोकांत साचते, काही ग्रॅम सहज भरते. पेट्रोल किंवा ब्रेक क्लीनरने धुऊन, हवा मारून, कोरडे करूनच वजन घ्यावे. जुन्या पिस्टनच्या माथ्यावरचा कार्बन आणि रिंगांच्या खाचांतला चिकटा काढला नाही, तर कंपनीचा पिस्टन उगाच जड दिसतो आणि नव्याची बढाई खरी वाटते. आणखी एक गोष्ट हमखास विसरली जाते: चुंबकीय तडे-तपासणीनंतर रॉडमध्ये चुंबकत्व उरले असेल, तर तो इलेक्ट्रॉनिक काट्याला चकवतो. रॉड काट्यावर फिरवून ठेवला आणि वाचन बदलले, तर आधी त्याचे चुंबकत्व घालवून घ्यावे.

मोजायचे काय, हेही आधी ठरवावे. रॉड म्हणजे बोल्टांसकट रॉड. पिस्टन म्हणजे रिंगा, पिन आणि पिन जागेवर धरणारे लॉक काढून नुसता पिस्टन. खोक्यावर कधी पिस्टन एकटा मोजलेला असतो, कधी पिनसह, आणि तळटीप वाचायचे कष्ट कोणी घेत नाही. ८६ मिमीच्या कंपनी पिस्टनची ८७ मिमीच्या आफ्टरमार्केट पिस्टनशी तुलना करतानाही जपावे. एका मिलिमीटरने माथ्याचे क्षेत्रफळ २.३ टक्क्यांनी वाढते, त्यामुळे नवा पिस्टन सात-आठ ग्रॅम जड निघाला तर तो त्याचा दोष नव्हे.

पिस्टन

कंपनीचे पिस्टन बहुधा ओतीव ॲल्युमिनियमचे, भरपूर सिलिकॉन असलेले असतात. तापल्यावर ते कमी फुगतात, म्हणून सिलिंडरमध्ये घट्ट बसतात आणि थंड इंजिनातही आवाज करत नाहीत. आफ्टरमार्केटचे फोर्ज्ड (दाबाखाली घडवलेले) पिस्टन मुख्यतः दोन मिश्रधातूंत मिळतात. ४०३२ मध्ये सुमारे १२ टक्के सिलिकॉन असते, तर २६१८ मध्ये ते नावापुरते. २६१८ चिवट आहे, डिटोनेशनचा (इंधनाच्या अनियंत्रित स्फोटाचा) मार सहन करतो, तुटण्याआधी वाकतो. पण तापल्यावर जास्त फुगतो. ८६ मिमी बोअरला ४०३२ साठी साधारण ०.०५ ते ०.०६ मिमी आणि २६१८ साठी ०.०८ ते ०.१० मिमी मोकळीक मागितली जाते. पिस्टनबरोबरच्या कागदावरचा आकडा अंतिम समजावा. २६१८ घेतला की सकाळी इंजिन सुरू करताना पहिली काही मिनिटे खडखड ऐकायची तयारी ठेवावी.

आता वजन. फोर्ज्ड म्हणजे हलका, ही समजूत अर्धीच खरी आहे. २६१८ ची घनता घन सेंटिमीटरला २.७६ ग्रॅम, ४०३२ ची २.६८. म्हणजे त्याच आकाराचा पिस्टन २६१८ मध्ये तीन टक्के जडच भरतो. शिवाय टर्बोसाठी बनवलेल्या पिस्टनचा माथा आणि पहिल्या रिंगेवरची भिंत मुद्दाम जाड ठेवतात. फोर्ज्ड पिस्टन हलका होतो तो धातूमुळे नव्हे, घाटामुळे: दोन्ही बाजूंचा स्कर्ट (रिंगांखालची भिंत) कापलेला, पिनचे आधार आत सरकवलेले, त्यामुळे पिन आखूड, आणि माथ्याच्या खालून मिलिंग केलेले. तुलना करताना पिस्टन उलटा धरावा आणि खालून पाहावा. माथ्याखाली फोर्जिंगचा खडबडीत पृष्ठभाग तसाच असेल, तर त्या पिस्टनमध्ये अजून बराच धातू उरला आहे. मशीनच्या फेऱ्यांच्या बारीक रेषा दिसत असतील, तर कोणीतरी ग्रॅम मोजून काढले आहेत.

कॉम्प्रेशन वाढवायला घुमटाचा पिस्टन घेतला की वजन पुन्हा चढते. घुमट खालून पोकळ केला नसेल तर प्रत्येक घन सेंटिमीटरला पावणेतीन ग्रॅम. घुमट अर्धवट पोकळ केलेला पिस्टन सपाट माथ्याच्या कंपनी पिस्टनपेक्षा जड निघाला, तर आश्चर्य वाटायला नको.

नॅचरली ॲस्पिरेटेड (टर्बो वगैरे नसलेल्या) इंजिनात, कंपनीच्या आरपीएम मर्यादेच्या आत, वजन हे पिस्टन बदलायचे कारण होऊ शकत नाही. चारही पिस्टन प्रत्येकी ६० ग्रॅमने हलके केले, तरी पहिल्या गिअरात गाडी अर्धा किलो हलकी झाल्याइतकाच फरक पडतो. ओळीतल्या चार सिलिंडरांत मात्र एक खराखुरा लाभ आहे. या रचनेत क्रँकच्या दुप्पट वेगाने येणारा दुय्यम धक्का कधीच आपोआप रद्द होत नाही. तो वर-खाली जाणाऱ्या वजनाच्या थेट प्रमाणात असतो. आपल्या इंजिनात ७००० आरपीएमला प्रत्येकी ६० ग्रॅम कमी म्हणजे हा धक्का सुमारे १७५ किलोने कमी. हे स्टिअरिंगला आणि गिअरच्या दांड्याला कळते.

गजन पिन: दुर्लक्षित पण सर्वांत स्वस्त ग्रॅम

पिनबद्दल कोणी बोलत नाही, आणि खरेदीत सर्वांत सोपा निर्णय इथेच असतो. पिन पोलादी नळी आहे, तिचे वजन कागदावर काढता येते. २२ मिमी व्यास आणि ६० मिमी लांबी धरली तर भिंत ३.८ मिमी असताना १०३ ग्रॅम, ४.६ ला ११८, ५.१ ला १२७ आणि ५.७ ला १३८. इंचांत विकल्या जाणाऱ्या ०.१५०, ०.१८०, ०.२०० आणि ०.२२५ च्या पिना त्या याच. सर्वांत पातळ आणि सर्वांत जाड यांत ३५ ग्रॅमचा फरक आहे. पिस्टनवरून इतके ग्रॅम काढायला मशीनवर बराच वेळ जातो. आखूड पिनचा फायदा वेगळाच: ४ मिमी कमी केले की पातळ पिनेतून आणखी सात ग्रॅम जातात.

पण लोभ इथेही नको. पातळ पिन भाराखाली लंबवर्तुळी होते आणि तिच्याबरोबर पिस्टनचे आधार ताणले जातात. मग तिथे घासल्याच्या खुणा, पुढे तडे, कधी लॉक उडून सिलिंडरच्या भिंतीला ओरखडा. बूस्ट (टर्बोचा दाब) किंवा नायट्रस असेल तर ५.१ किंवा ५.७ घ्यावी आणि १०-२० ग्रॅम विसरावेत. पिस्टन काढल्यावर पिन बोटांनी फिरवून पाहावी. मध्यभागी निळसर पट्टा किंवा आधारांच्या रेषेत चकाकी दिसली, तर पिन त्या कामाला कमी पडते आहे. किटमध्ये पिनची भिंत किती जाडीची, हे सहसा छापलेले नसते. व्हर्नियर घेऊन पाच सेकंदांत मोजता येते.

रॉड

आफ्टरमार्केट रॉड घेणाऱ्यांचा मोठा हिरमोड इथे होतो. कंपनीचा आधुनिक रॉड बहुधा पावडर मेटलचा, फोर्ज केलेला आणि टोपी तडकवून वेगळी केलेला असतो. तडकवलेले दोन्ही तुकडे एकमेकांत दाण्याशी दाणा जुळून बसतात, त्यामुळे टोपी जाग्यावर ठेवायला डॉवेल (खुंट्या) लागत नाहीत. आकार मोठ्या उत्पादनासाठी ग्रॅम-ग्रॅम घासून ठरवलेला असतो. त्याच्या शेजारी ४३४० पोलादाचा एच-बीम (दांड्याचा छेद इंग्रजी एच सारखा) रॉड, मोठे बोल्ट, ब्राँझ बुश आणि डॉवेल स्लीव्ह ठेवा. बऱ्याच इंजिनांत एच-बीम बरोबरीचा किंवा जडच भरतो. ज्याने तो हलका मिळेल म्हणून घेतला, त्याने चुकीच्या कारणासाठी बरोबर वस्तू घेतली. एच-बीममध्ये पैसे मोजायचे ते पोलादाचे आणि बोल्टांचे. बोल्ट टॉर्कवर न कसता मायक्रोमीटरने ताण मोजून कसावेत आणि प्रत्येक बोल्टची मोकळी लांबी लिहून ठेवावी. पुढे इंजिन उघडल्यावर बोल्ट लांबलेला दिसला तर तो टाकून द्यावा.

हलके रॉड कारखान्यांनीही बनवले आहेत. १९९० च्या होंडा एनएसएक्समध्ये टायटॅनियमचे रॉड होते आणि त्या व्ही६ ची मर्यादा ८००० आरपीएम होती. २००६ च्या कॉर्व्हेट झेड०६ मधल्या ७ लिटरच्या एलएस७ चा टायटॅनियम रॉड ४६४ ग्रॅमचा. ते काढून कोणी मजबुतीसाठी पोलादी एच-बीम घातले तर वजन वाढणार, आणि क्रँक पुन्हा बॅलन्स करावा लागणार. टायटॅनियमची खोड अशी की ते बाजूच्या घासणाऱ्या पृष्ठभागांवर पटकन चिकटते, म्हणून तिथे कठीण थर देतात. वापरलेला टायटॅनियम रॉड घेताना हा थर उडाला आहे का, ते पहिल्यांदा पाहावे.

रॉडचे एकूण वजन सगळे सांगत नाही. रॉडची दोन टोके दोन वेगळी कामे करतात. मोठे टोक क्रँकपिनबरोबर गोल फिरते, छोटे टोक पिस्टनबरोबर वर-खाली जाते. म्हणून टोकांचे वजन वेगवेगळे घ्यावे लागते. जोडणी साधी आहे: एका उभ्या खांबावर बॉल बेअरिंग, त्यात छोटे टोक अडकवायचे, मोठे टोक काट्यावरच्या दुसऱ्या बेअरिंगवर टेकवायचे, दोन्ही भोकांच्या मध्यांतून जाणारी रेषा अगदी आडवी करायची. वाचन लिहायचे, मग रॉड उलटा फिरवायचा. दोन वाचनांची बेरीज एकूण वजनाशी एका ग्रॅमच्या आत जुळली पाहिजे. न जुळल्यास रॉड आडवा नाही किंवा बेअरिंग अडकते आहे.

आता खोक्यावरचे "सेट एका ग्रॅममध्ये जुळवलेला" हे वाक्य पाहू. समजा, दोन रॉड प्रत्येकी ५४० ग्रॅमचे. एकाची टोके ३८४ आणि १५६, दुसऱ्याची ३८८ आणि १५२. खोक्यावरचे वाक्य खरे ठरले, पण वर-खाली जाणाऱ्या वजनात चार ग्रॅमचा फरक राहिलाच. चांगला पुरवठादार टोकांचे आकडे कागदावर देतो. तसा कागद असेल तर चारांपैकी दोन रॉड तपासले तरी पुरे. कागदच नसेल तर चारही तपासावेत, आणि जड टोकाचा धातू त्यासाठी ठेवलेल्या गाठीवरून काढावा. दांड्याच्या कडांवर ग्राइंडर कधीही लावू नये. आडवा ओरखडा तिथेच तड्याला आमंत्रण देतो.

क्रँक

क्रँकवर सर्वांत जास्त किलो दिसतात आणि सर्वांत जास्त चुका होतात. काउंटरवेटच्या कडा सुरीसारख्या केलेला हलका क्रँक फार देखणा दिसतो. ६५ मिमी त्रिज्येवरून २ किलो काढले, तर जडत्व ०.००८५ किलो-मीटर वर्गाने कमी होते. वाईट नाही. पण काउंटरवेट मुख्य बेअरिंगांवरचा भार कमी करायला बसवलेले असते. ओळीतल्या चार सिलिंडरांचा क्रँक काउंटरवेट कापूनही काट्यावर संतुलित राहतो, कारण १ आणि ४ एका बाजूला, २ आणि ३ दुसऱ्या बाजूला. इंजिन हलत नाही, म्हणून सगळे ठीक वाटते. आतमध्ये मात्र प्रत्येक जोडी क्रँकला वाकवत असते आणि मधल्या बेअरिंगचे शेल (पातळ अस्तर) खाल्ले जातात. पिस्टन आणि रॉड हलके केल्यानंतर त्या प्रमाणात काउंटरवेट कमी करणे हा शहाणपणा झाला. आधी काउंटरवेट कापून मग जड एच-बीम घालणे म्हणजे घोड्यापुढे टांगा.

रस्त्यावरच्या गाडीसाठी फोर्ज्ड क्रँक घ्यावा तो मजबुतीसाठी. वजन मूळ क्रँकच्या आसपास असेल तर तक्रार करू नये.

फ्लायव्हील, आणि त्याला चिकटलेली प्रेशर प्लेट

गाडी पळण्यात फरक पाडणारे वजन इथे आहे. फ्लायव्हीलसुद्धा नुसते काट्यावर ठेवून कळत नाही. कडेच्या रिंग गिअरचे १ किलो १४० मिमी त्रिज्येवर जेवढे जडत्व देते, तेवढे द्यायला मधल्या भागात ७० मिमीवर ४ किलो लागतात. ॲल्युमिनियम फ्लायव्हीलमध्ये हलका धातू असतो मध्ये. पोलादी रिंग गिअर आणि घर्षणाची पोलादी चकती बाहेरच्या बाजूलाच राहतात. त्यामुळे वजन निम्मे झाले तरी जडत्व निम्मे होत नाही.

हे घरी मोजता येते. तीन सारख्या दोऱ्या, प्रत्येकी १.५ मीटर, फ्लायव्हीलच्या मध्यापासून १०० मिमीवर समान अंतराने बांधून ते आडवे टांगावे. दोऱ्या उभ्या हव्यात, म्हणजे वरचे टांगण्याचे बिंदूही १०० मिमीच्याच वर्तुळावर. दहा-एक अंश पिळून सोडावे, दहा हेलकावे मोजावेत. जडत्व म्हणजे वजन (किलो) गुणिले ९.८१ गुणिले त्रिज्येचा वर्ग गुणिले एका हेलकाव्याच्या काळाचा वर्ग, भागिले ३९.५ गुणिले दोरीची लांबी. ८ किलोच्या फ्लायव्हीलला दहा हेलकाव्यांना २४.३ सेकंद लागले, तर जडत्व ०.०७८ येते. ४.२ किलोच्या ॲल्युमिनियमला २६ सेकंद लागले, तर ०.०४७. वजन ४७ टक्क्यांहून अधिक घटले, जडत्व ४० टक्के. हेलकावा जितका संथ, तितके वजन कडेला, ही खूण लक्षात ठेवली तर सूत्राशिवायही दोन फ्लायव्हीलांची तुलना होते.

या फरकाचा गाडीला अर्थ काय? पहिल्या गिअरचा गुणक ३.५, डिफरन्शियल ४.१, चाकाची त्रिज्या ३०० मिमी धरू. ०.०३१ चा फरक पहिल्या गिअरात गाडीतून सुमारे ७१ किलो उतरवल्यासारखा. पाचव्यात, गुणक ०.८५ असताना, तोच फरक ४ किलोंचा. म्हणजे हलके फ्लायव्हील पहिल्या-दुसऱ्या गिअरात आणि गिअर खाली टाकताना आरपीएम झटक्यात जुळवताना कळते, हायवेवर ओव्हरटेक करताना जवळजवळ नाही. वर काढलेल्या क्रँकच्या २ किलोंचा हिशेब याच गिअरात १९ किलोंचा येतो. पिस्टनचा अर्धा किलो आठवा, म्हणजे खर्च कुठून सुरू करावा ते कळेल.

प्रेशर प्लेट (क्लच दाबून धरणारा भाग) विसरू नये. तीही फ्लायव्हीलबरोबर त्याच आरपीएमला फिरते आणि तिचे वजन बरेचसे बाहेरच असते. हलके फ्लायव्हील घेऊन त्यावर हेवी ड्यूटी क्लचची जड प्रेशर प्लेट बसवली, की वाचवलेले अर्धे तिथेच परत जाते. दोन्ही एकत्र जोडूनच टांगून मोजावे. खरे हलके हवे असेल तर लहान व्यासाचा दोन प्लेटांचा क्लच, पण तो गर्दीत पाय दुखवतो.

तोटेही आहेत. आयडल डगमगतो, एसी लागला की आरपीएम खाली कोसळतो, चढावर गाडी उचलताना इंजिन बंद पडते. काही इंजिनांत ईसीयू (इंजिनचा संगणक) क्रँकच्या वेगातले चढउतार पाहून मिसफायर ओळखतो. जडत्व कमी झाल्यावर हे चढउतार वाढतात आणि इंजिन ठीक असूनही दिवा लागतो. मूळचे ड्युअल मास (स्प्रिंगने जोडलेल्या दोन भागांचे) फ्लायव्हील काढून एकसंध बसवले तर न्यूट्रलमध्ये गिअरबॉक्स खडखडतो. तो बिघाड नाही, आता धक्के गिळायला आत स्प्रिंग उरलेली नाही. ॲल्युमिनियम फ्लायव्हीलच्या घर्षण चकतीचे स्क्रू सैल नाहीत ना, ते प्रत्येक क्लचबदलाला पाहावे, आणि क्रँकच्या बोल्टांखाली कठीण वॉशर सांगितले असतील तर ते टाळू नयेत. नाहीतर बोल्टचे डोके मऊ धातूत रुतते आणि कस सुटतो.

रस्त्यावरच्या गाडीला एकच गोष्ट घ्यायची असेल तर मूळच्या तीन-चतुर्थांश जडत्वाचे पोलादी फ्लायव्हील घ्यावे. पूर्ण ॲल्युमिनियम ट्रॅकवर शोभते.

हलक्या पुलीबद्दल

क्रँकची पुढची पुली रबर असलेला डँपर असेल, तर तिच्या जागी घन ॲल्युमिनियमची पुली बसवू नये. डँपरचे वजन म्हणजे वाया गेलेला धातू नाही. प्रत्येक स्फोटाला क्रँक पिळवटतो आणि परत सुटतो. एका ठरावीक आरपीएमला हा पीळ साचत जातो, आणि डँपरची बाहेरची रिंग त्याच कंपनासाठी जुळवलेली असते. ती काढल्यावर आधी काही जाणवत नाही. मग कधीतरी क्रँकच्या नाकाशी बसलेल्या ऑइल पंपाचे गिअर तडकतात, चावीची खाच चेपते, किंवा क्रँकलाच चीर जाते. पुलीतून वाचलेला दीड किलो लहान त्रिज्येवरचा असतो, जडत्वात त्याचा वाटा क्षुल्लक. हा सौदा कोणत्याही बाजूने पाहिला तरी तोट्याचा.

व्ही८ असेल तर कागद लागतोच

९० अंशी व्ही८ मध्ये क्रँक बॅलन्स करताना प्रत्येक क्रँकपिनवर बॉबवेट, म्हणजे पिस्टन-रॉडऐवजी बसवलेले तात्पुरते वजन, लावतात. त्यात फिरणारे वजन पूर्ण आणि वर-खाली जाणारे निम्मे धरतात. समजा, पिस्टन ४७०, पिन ११८, लॉक ४, रिंगा ४०, रॉडचे छोटे टोक १८०: बेरीज ८१२. दोन सिलिंडरांचे निम्मे म्हणजे एकाचे पूर्ण, म्हणून ८१२ तसेच राहते. मोठी टोके ४३० च्या दुप्पट ८६०, बेअरिंग शेल ४५ च्या दुप्पट ९०, तेल ५. एकूण १७६७ ग्रॅम. यात पिस्टन ६० ग्रॅमने हलका झाला तर बॉबवेट ६० नेच उतरते. मोठे टोक ४० ने हलके झाले तर ८० ने. बॉबवेट उतरले की काउंटरवेट छिद्रे पाडून हलके करतात. २० मिमी व्यासाचे १५ मिमी खोल छिद्र पोलादातून ३७ ग्रॅम काढते. भाग जड झाले असतील तर अशाच छिद्रात सुमारे १७ घनतेचा टंगस्टनचा जड धातू ठोकतात. छिद्र धरून निव्वळ भर ४३ ग्रॅमची, आणि काम महाग. म्हणून व्ही८ ला किट ठरवतानाच जुन्या बॉबवेटच्या वर जाऊ न देणे फायद्याचे.

बाहेरून, म्हणजे फ्लायव्हील किंवा डँपरवर मुद्दाम वजन ठेवून, बॅलन्स केलेली इंजिने वेगळी पकडतात. फोर्डच्या ३०२ घन इंची व्ही८ ला १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत २८ औंस-इंचाचे असंतुलन असलेले फ्लायव्हील आणि डँपर लागत, नंतर ५० चे. शेवरलेच्या ३५० घन इंचीला १९८६ पासून मागचा सील एकसंध झाला आणि फ्लायव्हीलवर वजन आले; त्याआधीचे फ्लायव्हील निखळ गोल होते. शेवरलेच्याच ४०० ला दोन्ही टोकांना वजन. बोल्टांची भोके जुळतात म्हणून चुकीचे हलके फ्लायव्हील बसते, आणि इंजिन २५०० लाच थरथरू लागते. मग दोष नव्या पिस्टनांना दिला जातो.

बॅलन्सला देताना क्रँकबरोबर डँपर, फ्लायव्हील, प्रेशर प्लेट, एक रॉड, एक पिस्टन, पिन, लॉक, एका पिस्टनच्या रिंगा आणि एका रॉडचे शेल द्यावेत. उरलेल्या रॉड-पिस्टनांची वजने कागदावर लिहून सोबत ठेवावीत. जुळणी झाली की प्रेशर प्लेट आणि फ्लायव्हील यांवर समोरासमोर पंचाचा एकेक ठिपका मारून घ्यावा, म्हणजे पुढचा क्लच बदलणारा मिस्त्री ती फिरवून बसवणार नाही.